प्रमाणपत्र आहे, संगणक येत नाही

सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांतील प्रौढ कर्मचाऱ्यांना संगणक शिकविण्यासाठी आपल्या देशाने गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ पैसा, पुष्कळ तास आणि त्याहूनही पुष्कळ परिपत्रके खर्ची घातली. त्यातून पदरात काय पडले, असा हिशेब मांडला तर उत्तर एकच निघते. प्रमाणपत्रे मुबलक मिळाली, कौशल्य मात्र फारच थोडे आले. याचा दोष शिकणाऱ्यांच्या वयाला देण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते ही रीत अन्यायाची तर आहेच, पण सोयीचीही आहे. कारण वयावर खापर फोडले की शिकविण्याच्या पद्धतीकडे पाहावे लागत नाही.

महाराष्ट्राबाहेर, दिल्ली, भोपाळ, हैदराबाद, कोलकाता अशा ठिकाणी केंद्र सरकारच्या, रेल्वेच्या किंवा बँकांच्या कार्यालयांत नोकरी करणारे अनेक मराठी वाचक आहेत. त्यांनी उद्या आपल्याच कार्यालयात एक साधी परीक्षा घेऊन पाहावी. संगणकाचे प्रमाणपत्र सेवापुस्तकात नोंदले गेले आहे अशा एखाद्या सहकाऱ्याला पुढील पाच कामे सांगावीत.

(१) चारशे लाभार्थ्यांची यादी तालुकावार आणि तालुक्यात गाववार लावून देणे.
(२) गेल्या वर्षीची आणि या वर्षीची अशा दोन याद्या ताडून, गेल्या वर्षी असलेली पण या वर्षी नसलेली नावे काढणे.
(३) एकच पत्र साठ कार्यालयांना, प्रत्येकाचा पत्ता आणि आकडा वेगळा घालून, अर्ध्या तासात तयार करणे.
(४) दोन वर्षांपूर्वी पाठविलेले एखादे पत्र संगणकातून एका मिनिटात शोधून काढणे.
(५) वीस पानी अहवालातील सर्व मथळे एकसारखे करून त्याची अनुक्रमणिका संगणकाकडूनच बनवून घेणे.

निरनिराळ्या राज्यांतील कार्यालयांत मी ही कामे सांगत आलो आहे. बहुतेक वेळा जे घडते ते असे. यादी छापून काढली जाते, तिच्यावर पेनाने खुणा केल्या जातात, आणि नंतर ती नव्याने टंकलिखित होते. साठ पत्रांसाठी साठ वेळा पत्ता खोडून नवा लिहिला जातो. पत्र शोधायचे तर 'न्यू डॉक्युमेंट', 'लेटर फायनल', 'लेटर फायनल फायनल' अशा नावांच्या जंगलातून वाट काढावी लागते. थोडक्यात, संगणक हे महागडे टंकलेखन यंत्र झाले आहे. आणि हे करणारा माणूस आळशी नाही, मंदबुद्धीचा तर मुळीच नाही. त्याला ही कामे कोणी शिकविलेलीच नाहीत.

मग शिकविले काय? महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम घरोघरी पोहोचला. केंद्रीय पातळीवर 'डोएक' संस्थेचा, म्हणजे २०११ पासून 'नायलिट' हे नाव मिळालेल्या संस्थेचा, सीसीसी हा ८० तासांचा अभ्यासक्रम आहे. राजस्थानात आरएस-सीआयटी आहे. ज्यांनी संगणक पाहिलाही नव्हता अशा लक्षावधी मुलामुलींना या अभ्यासक्रमांनी यंत्राची भीती घालवून दिली, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. आक्षेप आहे तो प्रशासनाने त्यांचा जो वापर केला त्यावर. दहावी-बारावीच्या मुलासाठी आखलेला परिचय-अभ्यासक्रम पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या लिपिकाची अर्हता म्हणून लावण्यात आला. महाराष्ट्रात तर विहित मुदतीत संगणक अर्हता न मिळविणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्याचे आणि दिलेल्या वेतनवाढींची वसुली करण्याचे आदेश निघाले. वेतनवाढ वाचवायची तर प्रमाणपत्र हवे, आणि प्रमाणपत्रासाठी वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे हवीत. तेव्हा पन्नाशीच्या माणसाने तेच केले जे कोणीही शहाणा माणूस करील. त्याने रॅम आणि रॉम यांतील फरक पाठ केला, संगणकाच्या पिढ्या पाठ केल्या, परीक्षा दिली, कागद सेवापुस्तकाला जोडला आणि तो आपल्या नोंदवहीकडे परत गेला.

या प्रशिक्षणांचा क्रम पाहिला तरी चूक ध्यानात येते. आधी संगणकाचा इतिहास, मग त्याचे भाग, मग कार्यप्रणाली, मग चित्रे काढण्याचा प्रोग्राम, मग वर्ड, मग एक्सेल, मग सादरीकरण. हा क्रम यंत्राच्या सोयीचा आहे. ज्याला शेवटी काम करायचे आहे त्याच्या टेबलावरचे काम यात कुठेच नाही. सायकल शिकविताना आधी चेन कशी बनते यावर व्याख्यान देण्यासारखे हे झाले.

प्रौढ माणूस मुलासारखा शिकत नाही. मूल 'पुढे उपयोगी पडेल' या आश्वासनावर शिकते. प्रौढाला उद्या सकाळी उपयोग दिसावा लागतो. साक्षरतेच्या क्षेत्राने हा धडा फार पूर्वीच घेतला. फकीरचंद कोहली यांच्या प्रेरणेने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २००० साली आंध्र प्रदेशात संगणकाच्या साहाय्याने प्रौढांना वाचायला शिकविण्याचा प्रयोग केला. त्यात मुळाक्षरांपासून सुरुवात न करता, प्रौढाला बोलण्यातून आधीच ठाऊक असलेल्या शब्दांपासून सुरुवात केली होती. लिहिण्याचा आग्रह बाजूला ठेवून, सुमारे ४० तासांत वाचता येणे हे ध्येय होते. यामागचा विचार साधा आहे. प्रौढाजवळ भाषा आधीपासून असते. तिला फक्त चिन्हांशी जोडून द्यायचे असते.

कार्यालयातील लिपिकाजवळही भाषा आधीपासून असते. त्याची आवक-जावक नोंदवही म्हणजे रकाने आणि ओळी असलेली सारणीच आहे. पानाच्या तळाशी तो जी बेरीज करून पुढच्या पानावर नेतो, तेच एक्सेलमधील बेरजेचे सूत्र. नस्तीला विषयवार क्रमांक देण्याची जी शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते, तीच फोल्डर आणि फाइल यांना नावे देण्याची शिस्त. प्रलंबित प्रकरणांचा मासिक गोषवारा तो दर महिन्याला हाताने काढतो, आणि 'पिव्हट टेबल' या भयंकर नावामागे तेच काम दडलेले असते. वर्गात शिकविणारा पंचविशीतील तरुण यंत्र जाणतो, पण काम जाणत नाही. समोर बसलेला लिपिक काम जाणतो. प्रशिक्षण म्हणजे या दोन ज्ञानांची गाठ घालणे. आपण मात्र त्या लिपिकाला कोरी पाटी समजतो आणि पहिल्याच तासाला 'माउस म्हणजे काय' असे विचारून त्याचा मान घालवतो.

वय आड येत नाही याचा सर्वांत मोठा पुरावा आपण सर्वांनी खिडकीच्या अलीकडून पाहिलेला आहे. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. त्या आधी आरक्षण म्हणजे जाडजूड नोंदवह्या होत्या. त्या नोंदवह्यांवर उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसांची बोटे नंतर कळफलकावर अशी चालू लागली की रांगेतल्या माणसाने आश्चर्याने पाहत राहावे. गाडीचा क्रमांक, तारीख, वर्ग, स्थानकाचे संक्षिप्त नाव, एवढे त्यांना आधीपासून तोंडपाठ होते आणि यंत्राने त्यांच्याकडून तेवढेच मागितले. संगणकाच्या पिढ्या किती, हे त्यांना कोणी विचारले नाही.

आता कोणी म्हणेल, चार याद्या हाताने झाल्या म्हणून काय बिघडले? बिघडते ते कार्यालयाबाहेर, आणि ज्याचे बिघडते त्याला कारणही कळत नाही. एक उदाहरण देतो. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते. १६ अंकी बँक खातेक्रमांक साध्या रकान्यात टंकला, तर शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्ये असतील तर ती गळून जातात. १२ अंकी आधार क्रमांक साध्या रकान्यात दशांश आणि घातांकाच्या रूपात दिसू लागतो, आणि ती यादी त्याच स्थितीत सीएसव्ही प्रकारात साठविली की शेवटचे अंक कायमचे जातात. यावर उपाय एका वाक्याचा आहे. क्रमांक टंकण्यापूर्वी तो रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा करून घ्यावा. हे शिकवायला पाच मिनिटे लागतात. न शिकविल्यास एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन परत जाते, ती तीन वेळा तालुक्याला खेटे घालते, आणि प्रत्येक वेळी तिला 'बँकेत विचारा' असे सांगितले जाते.

दुसरे उदाहरण. यादीत मध्येच एक रकाना रिकामा सोडलेला असला आणि नावे अकारविल्हे लावली, तर रिकाम्या रकान्याच्या पलीकडील रकमा जागच्या जागी राहतात. एकाच्या नावापुढे दुसऱ्याची रक्कम येते. तक्ता दिसायला निर्दोष असतो, बेरीजही जुळते, म्हणून वरिष्ठ सही करतात.

हे मागासलेल्या देशाचे दुखणे आहे असेही कोणी समजू नये. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि माहिती त्या प्रकारात घेतली जात होती. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तेवढे दिवस लांबला. कार्यालयीन संगणक-कौशल्य ही किरकोळ बाब समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

याहूनही गंभीर गोष्ट आणखी एक आहे. कायम कर्मचाऱ्याला काम येत नाही म्हणून कंत्राटी ऑपरेटर आणला जातो. हळूहळू सारी माहिती, सारे पासवर्ड आणि शेवटी अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरीही त्याच्या खिशात जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार आपल्या खासगी कळीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या नावे ती दिलेली आहे त्याचीच असते. जो अधिकारी आपला टोकन ऑपरेटरच्या टेबलावर ठेवून बैठकीला जातो, तो सही केलेला कोरा कागद ठेवून जातो. कागदी काळात असे करणाऱ्याची विभागीय चौकशी झाली असती. आज त्याला 'कामाची वाटणी' म्हणतात! आणि तो ऑपरेटर बिचारा अल्प वेतनावर, वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर कार्यालयाचा सारा भार वाहत असतो. कंत्राट संपले की तो जातो आणि कार्यालयाची स्मृतीही त्याच्याबरोबर जाते.

यावर नेहमी तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले, 'ही पिढी निवृत्त होऊ द्या, नवी मुले शिकूनच येतील.' नवी मुले फोनवर तरबेज असतात, परंतु फोनवर वाढलेल्या मुलाने सारणी, फाइलचे स्थान, पत्रांचे एकत्रीकरण या गोष्टी पाहिलेल्याच नसतात. त्यांनाही शिकवावेच लागते.

दुसरे, 'आता ई-ऑफिस आले, मग हे कशाला?' ई-ऑफिस ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली प्रणाली उत्तम आहे. पण ती चालविणाऱ्या हाताला कौशल्य नसेल तर टिपणी वर्डमध्ये लिहून, छापून, सही करून, तिचे छायाचित्र प्रणालीत चढविले जाते. त्या चित्रातील शब्द सहजी शोधता येत नाहीत आणि आकडे उचलता येत नाहीत. कागदाची नस्ती होती, आता तिचा फोटो आहे, एवढाच फरक.

तिसरे उत्तर अगदी ताजे आहे. 'कृत्रिम बुद्धिमत्ता सारे करून देईल.' करून देईलही. पण दिलेली यादी बरोबर आहे की नाही हे ज्याला तपासता येत नाही, तो त्या यादीवर सही कशाच्या आधारावर करणार?

भाषेचा प्रश्नही टाळता येणार नाही. बरीच प्रशिक्षणे इंग्रजी पडद्यावर, इंग्रजी उदाहरणांनी होतात, आणि कर्मचाऱ्याचे काम मात्र हिंदी, मराठी, तेलुगू किंवा बंगालीत असते. मग तो कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकतो. तेथे पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरेच असतात. म्हणून त्या यादीची अकारविल्हे मांडणी होत नाही, शोध लागत नाही, आणि तो फाँट नसलेल्या दुसऱ्या कार्यालयात पत्र गेले की नुसता गोंधळ दिसतो. युनिकोड १९९१ पासून आहे. त्याहीपूर्वी, १९८६ साली, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाण म्हणून ठरविला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. ज्या कळीवर देवनागरी 'क' आहे त्याच कळीवर गुजराती, बंगाली आणि तेलुगू 'क' आहे. बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय कोणती? नागपुराहून हैदराबादला गेलेल्या मराठी लिपिकाला तेलुगू लिपी ओळखू येऊ लागली की टंकन नव्याने शिकावे लागत नाही. तरीही प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात कळफलकाला जागा नसते; सादरीकरणात अक्षरे उडवीत आणण्याला असते.

मग शिकवावे कसे? मी सुचवितो ते नवीन नाही, खर्चाचे तर मुळीच नाही.

(१) प्रशिक्षणार्थीने आपली नोंदवही बरोबर आणावी. पहिला धडा तिच्याच वीस ओळींचा असावा.

(२) तीन दिवसांचे सभागृहातील शिबिर बंद करावे. त्याऐवजी सहा आठवडे, रोज पाऊण तास, आपल्याच टेबलावर आणि आपल्याच संगणकावर शिकवावे. शिबिरात ऐकलेले सोमवारपर्यंत टिकत नाही.

(३) एका दिवशी एकच गोष्ट शिकवावी आणि ती दुसऱ्या दिवशीच्या खऱ्या कामात वापरलीच पाहिजे असे पाहावे.

(४) पहिले दोन आठवडे स्वतःच्या भाषेतील कळफलकाला द्यावेत. बोटे शोधत बसली तर बुद्धी थकते.

(५) शिकविणारा शक्यतो त्याच कार्यालयातील असावा. तो शिपाई असेल, तरुण लिपिक असेल किंवा तोच कंत्राटी ऑपरेटर असेल. त्या कामाचा त्याला मोबदला आणि मान द्यावा. बाहेरचा तज्ज्ञ निघून जातो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दुपारी पुन्हा विचारता येते.

(६) परीक्षा म्हणजे स्वतःच्या टेबलाचे काम. वर सांगितलेली पाच कामे ज्याने स्वतः करून दाखविली तो उत्तीर्ण. तोवर वेतनवाढीचा धाक घालू नये.

(७) सुरुवात वरून व्हावी. ज्या कार्यालयात प्रमुख आपले ई-पत्र स्वीय सहायकाकडून छापून मागवितात आणि उत्तर तोंडी सांगतात, तेथे खालच्यांना संगणक शिकण्याचा उपदेश करणे हे हास्यास्पद आहे.

एका हिंदीभाषक राज्यातील कार्यालयात निवृत्तिवेतनाचे टेबल सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ लिपिक बाईंना आम्ही असेच शिकविले. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे राहिली होती, आणि संगणक प्रशिक्षणाची दोन प्रमाणपत्रे त्यांच्याजवळ आधीच होती. त्यांच्या नोंदवहीतील नावे, जन्मतारखा आणि निवृत्तीच्या तारखा त्यांनी स्वतः सारणीत भरल्या. चौथ्या दिवशी निवृत्तीच्या तारखेनुसार यादी लावली, तेव्हा येत्या सहा महिन्यांत निवृत्त होणारी सर्व नावे पडद्याच्या वरच्या टोकाला आली. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, हे तर माझेच रजिस्टर आहे. पुढे ज्यांची कागदपत्रे अपुरी होती अशांना त्यांनी साठ पत्रे एका दुपारी पाठविली. ही पत्रे पूर्वी निवृत्तीनंतर जात असत, म्हणजे माणूस घरी बसून निवृत्तिवेतनाची वाट पाहत असताना. त्या बाईंना आजही रॅम म्हणजे काय ते सांगता येणार नाही. पण त्यांच्या टेबलावरून वेळेत निवृत्तिवेतन मिळालेल्या माणसांना त्याची फिकीर नाही.

मिशन कर्मयोगीला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली, आणि पदाच्या नियमांऐवजी प्रत्यक्ष कामाच्या गरजेनुसार प्रशिक्षण हे तत्त्व त्यात सरकारने अधिकृतपणे मान्य केले. तत्त्व बरोबर आहे. परंतु किती जणांनी किती तासांचे अभ्यासक्रम पूर्ण केले याचेच मासिक विवरणपत्र वर जात राहिले, तर जुन्याच दुखण्याला नवा पोशाख मिळेल. विवरणपत्रात रकाना हवा तो असा: या महिन्यात कोणते हाताने होणारे काम यंत्रावर आले, आणि ते कोणी स्वतः केले?

वाचकांपैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्यांना यासाठी कोणत्याही मंजुरीची, निविदेची किंवा तरतुदीची गरज नाही. उद्या दुपारी पाऊण तास काढावा, सर्वांत जुन्या सहकाऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसावे आणि त्यांना एवढेच म्हणावे की, तुमची नोंदवही उघडा, ती कशी ठेवता ते आधी मला सांगा. प्रशिक्षण तेथून सुरू करावे.